लावून ये

गल्लीत त्याला सगळे ‘दुसराहात’ म्हणायचे. असलं नाव कुठली आई ठेवत नाही, ते गल्लीच ठेवते आणि मग जन्मभर पुसू देत नाही. तो रंगारी होता. भिंतीवर रंगाचा पहिला हात मारून झाला की घरमालक नाक मुरडायचा, “अहो, खालचं सगळं दिसतंय की!” आणि हा शिडीवरून, मान न वळवता म्हणायचा, “दुसरा हात मारला की दिसेल.” नेमकं काय दिसेल ते कधी सांगायचा नाही. पुढे पुढे हे उत्तर भिंतीवरून उतरलं आणि गल्लीभर हिंडायला लागलं. चहा पाणचट झालाय? दुसरा हात मारला की दिसेल. किराणावाल्याचं टक्कल वाढतंय? दुसरा हात मारा, दिसेल.

माणूस हाताचा पक्का, पण डोक्याने सदा ढगात. कोणी म्हटलं, “पांढरा लाव,” की हा विचारणार, “कुठला? वाळत टाकलेल्या चादरीतून ऊन येतं तो, की झोपून उठल्यावर उशी असते तो?” लोक म्हणायचे, बाबा रे, स्वस्तातला लाव. एकदा शिडीवर तंद्री लागली आणि त्याने खिडकी, खिडकीची कडी आणि कडीवर बसलेली माशी हे सगळं एका हातात रंगवून टाकलं. माशी सुटली. खिडकी वर्षभर उघडली नाही.

त्याच्या लग्नाची बोलणीही एकदा झाली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि हा छताकडे. मुलीच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, “कसं वाटलं आमचं घर?”

“ओल आहे,” हा म्हणाला. “आतून आहे. वरून कितीही झाका, बाहेर येणारच.”

वडिलांनी त्याच्या हातातला कप चहा संपायच्या आधीच उचलला म्हणे. तेव्हापासून गल्लीचा विनोद ठरून गेला : याने भिंतींना हजारो हात दिले, पण कोणाचा हात मागायला याचं तोंड उघडलं नाही.

ओलीवर त्याचा मोठा राग. ‘माझ्या हाताखालून ओल वर आली तर ब्रश नदीत टाकीन,’ हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. नदीने ते ऐकलं असावं. कारण त्या वर्षी ती स्वतःच ब्रश न्यायला गल्लीत आली.

पण त्याआधी टाचणीताईबद्दल सांगायला हवं. गल्ली जिथे उतरत उतरत नदीकडे झुकते, तिथे शेवटच्या घरात ती राहायची. कपडे शिवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सोबतीला म्हातारी आई. काम करताना तिच्या ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि जे बोलायची ते दातांतून गाळून आलेलं. लोकांना वाटायचं बाई तुसडी आहे. तुसडी वगैरे काही नाही, टाचण्या सांडू नयेत म्हणून जपून बोलायची, इतकंच. तिच्या आईची तऱ्हा वेगळी. आईला एका कानाने ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्याने ती ऐकायची नाही.

दुसराहात दर आठ-पंधरा दिवसांनी शर्टाचं बटण लावून घ्यायला तिच्याकडे जायचा. एवढी बटणं आपोआप तुटत नाहीत, तोडावी लागतात, हे गल्लीला ठाऊक होतं. त्याला वाटायचं कोणाला ठाऊक नाही. टाचणीताईला काय वाटायचं ते टाचण्यांना माहीत.

पाणी आलं ते भर दिवसा, आणि अजिबात आवाज न करता. धडाधडा येईल अशी सगळ्यांची कल्पना होती. ते आलं पाहुण्यासारखं, उंबऱ्यावर क्षणभर थबकत, मग आत, मग सगळ्या खोल्या बघत. दुसराहाताची खोली वरच्या मजल्यावर. तो खिडकीत उभा राहून बघत होता. गल्लीच्या जागी एक लांबलचक तपकिरी आरसा पसरला होता आणि त्यात घरं उलटी टांगली होती. मग शेवटच्या घरातून टाचणीताईचा कपडे बेतायचा पुतळा बाहेर आला. बिनडोक्याचा, अंगात अर्धवट शिवलेला पिवळा झगा, ताठ उभ्याने तरंगत, लगबग नाही की घाई नाही, फिरायला निघाल्यासारखा गल्लीच्या तोंडाशी गेला आणि वळला. त्याच्या मागून सरकारची बोट आली. बोटीत टाचणीताई, मांडीवर आईचं डोकं, आणि ओठांत अजून चार टाचण्या. तिने वर पाहिलं. दुसराहाताने हात हलवला. शर्टाला बटण होतं की नाही हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं नाही.

पाणी ओसरेपर्यंत अर्धी गल्ली शाळेत राहिली. सरकारने घोंगड्या दिल्या, गरम जेवण दिलं, डॉक्टर बसवला, टँकर उभा केला. दुसराहाताचं घर कोरडं, तरी तो सकाळ-संध्याकाळ शाळेतच. कोणाचा गाळ उपस, कोणाची चटई वाळव. मग बातमी आली की घरांसाठीही मदत मिळणार आहे, आणि ती पाण्याच्या उंचीवर ठरणार. घोट्यापर्यंत पाणी आलं त्याला साफसफाईचं सामान. गुडघ्यापर्यंत आलं त्याला जमिनीची दुरुस्ती. खिडकीच्या वर गेलं त्याला पूर्ण दुरुस्ती, शिवाय पोटापाण्याचं साधन पाण्यात गेलं असेल तर तेही नवीन.

झालं! आदल्या महिन्यापर्यंत जी गल्ली ‘आमच्याकडे ओलीचं नाव नाही’ म्हणून मिरवायची, ती आता परीक्षेचे मार्क विचारावेत तशी एकमेकांना विचारायला लागली, “तुमचं किती?”

“गळ्यापर्यंत!” किराणावाला छाती काढून म्हणाला.

“तुमचा गळा बाकीच्यांच्या कमरेला येतो,” त्याची बायको म्हणाली.

टाचणीताईचं पाणी मात्र खरोखर खिडकीच्या वर गेलं होतं. शिवणयंत्र गाळात बसलं होतं, जमीन उखडली होती. तिच्या भावाचा दूरच्या शहरातून रोज फोन : मागची खोली रिकामी आहे, कायमची निघून ये. एका दुपारी ती आईला सांगत होती, तेव्हा दुसराहात शेजारून बादली घेऊन चालला होता.

“यंत्र आणि जमिनीची दुरुस्ती मिळाली तर राहू,” ती म्हणत होती. “नाही मिळाली तर या महिनाअखेरीला भावाकडे. पुन्हा इकडे नाही.”

आईने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. दुसराहाताने ऐकलं. बादलीतलं पाणी त्याच्या चपलांवर सांडलं ते त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळभर गाळ ओढून दमलेला तो, शाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला आणि बसल्याबसल्या झोपला. स्वप्नात गल्ली अजून पाण्यात होती, पण पाणी पांढरं, कालवलेल्या चुन्यासारखं. त्यात तो चालत होता आणि बुडत नव्हता. पिवळा झगा त्याच्या पुढे पुढे तरंगत होता, आणि झग्याला आता डोकं होतं, ओठांत टाचण्या होत्या. शेवटच्या घराच्या दारात तो झगा वळला आणि दातांतून गाळून आलेल्या आवाजात, पण कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाला, “भिंतींना हात लावून ये.”

तो दचकून उठला. वर्ग निम्मा रिकामा. बाहेर रस्त्यावरून कर्ण्याची गाडी काहीतरी ओरडत लांब चालली होती, वारा तिचे शब्द उचलून भलतीकडे नेत होता. टाचणीताई नळावर गेली होती. पण हात लावून ये म्हणजे काय, हे रंगाऱ्याला कोणी समजावायला लागतं का?

“आई, घराची किल्ली द्या,” तो म्हातारीच्या कानाशी जाऊन म्हणाला. “भिंतींना हात लावून येतो.”

“ये, ये,” म्हातारी म्हणाली, आणि किल्ली दिली. तिने काय ऐकलं हे विचारण्यात अर्थ नाही.

टाचणीताईच्या खोलीत खाली गाळाचा तपकिरी पट्टा, वर तिची जुनी फिकट निळी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये खिडकीच्या वरून गेलेली, दोरी लावून मारावी तशी सरळ रेघ. नदी गेली, जाताना सही करून गेली होती. दुसराहाताने भिंती धुतल्या, घासल्या, चुना कालवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली. ओल्या भिंतीला चुना देऊ नये हे त्याला झोपेतही कळत होतं. पण झोपेतच तर तिने सांगितलं होतं! ऊन उतरेपर्यंत त्याने पहिला हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मन न भरून, दुसरा. खोली आतून उजळली. झोपून उठल्यावर उशी असते तो पांढरा. आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला नेमका साधला होता.

इतक्यात किराणावाला दारात डोकावला.

“अरे वा! हिची पाहणी झाली वाटतं?”

“कसली पाहणी?”

“कसली काय! मदतीची. काल गाडी बोंबलत गेली ना! पाहणी होईपर्यंत भिंतींना हात लावू नये.”

“लावून ये,” दुसराहात म्हणाला.

“लावू नये.”

“तेच. लावून ये.”

“अरे शहाण्या, लावू...” किराणावाल्याने हवेत दोन बोटं धरून मधे मोकळी जागा दाखवली, “नये!”

दुसराहात शिडीवर बसला. त्याने भिंतीकडे पाहिलं. ती इतकी सुंदर पांढरी होती की रेघ कुठे होती तेही सापडेना. नदीची सही त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती, तीही दोन हात देऊन.

आणि वेळ बघा कशी, गल्लीच्या तोंडाशी पाहणीच्या बाई आलेल्याच होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप, बुटांपेक्षा बुटांवरचा चिखल जास्त. सोबत टाचणीताई आणि तिची आई. टाचणीताई आत आली, चारही भिंतींकडे तिने गोल फिरून पाहिलं, आणि तोंडातल्या टाचण्या विसरून तिने आ वासला. टाचण्या जमिनीवर टिणटिणत पडल्या.

“इथे पाणी आलं होतं?” पाहणीच्या बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, थकवा होता.

“आलं होतं, मॅडम,” दुसराहात पुढे झाला. “खिडकीच्या वर. पण मी... मीच चुना लावला.”

“कोणाला?”

“म्हणजे भिंतीला! तुम्हाला नाही. सरकारला तर मुळीच नाही!”

दाराबाहेर जमलेली गल्ली फुटली. पाहणीच्या बाईही हसल्या, पण हसून झाल्यावर त्यांनी टेप गुंडाळली. “जमीन उखडलेली दिसतेय, ती मी लिहिते. पण पूर्ण मदतीसाठी भिंतीवरची पातळी लागते. डोळ्यांना दिसेल तेच मला लिहिता येतं, ऐकलेलं नाही. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही.” त्या दारात थांबल्या. “मी वरची गल्ली करून परत याच रस्त्याने जाणार आहे. तोवर काही खूण सापडली तर दाखवा. आज माझा इथला शेवटचा दिवस आहे.”

त्या गेल्या तशी किराणावाल्याच्या डोक्यात कल्पना चमकली. टकलामुळे तिला अडथळा नव्हता. “अरे, रडतोस काय! रंग तुझ्याकडे, ब्रश तुझ्याकडे. मार एक तपकिरी रेघ! नदीलासुद्धा वाटेल आपलीच आहे.”

दुसराहाताचा हात खरंच बादलीकडे गेला. त्याला जमलंही असतं.

“नाही,” टाचणीताई म्हणाली. टाचण्या नसल्यामुळे शब्द स्वच्छ आला, आणि त्यामुळे सगळ्यांना तो नवीनच वाटला. “माझ्या घरात पाणी खरं आलं होतं. त्याला खोटी रेघ नको. नाही मिळालं तर नाही. भाऊ बोलावतोयच.”

तिने तोंड फिरवलं. तेव्हा दुसराहाताच्या तोंडून ते निघालं, जे निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. “खिडक्या उघडा. दारं उघडा. वारा येऊ द्या.”

“कशाला?”

“ओल आहे,” तो म्हणाला. “आतून आहे. बाहेर येणारच.”

मग त्या खोलीत असं काही सुरू झालं की आठवून गल्ली अजून हसते आणि हसता हसता गप्प होते. सगळे बसून भिंतीकडे बघत राहिले. कोणी खोक्यावर, कोणी उंबऱ्यावर. ज्याने आयुष्यभर ओलीचं तोंड बघितलं नाही, तो भिंतीला डोळ्यांनी विनवत होता, की बाई, ये. फसव मला. माझं नाव घालव. नदीकडून वारा येत होता आणि त्याला अजून पाण्याचा वास होता. चुना सुकत होता, ऊन भिंतीवरून सरकत होतं, आणि डोळे लावून बसलेल्या माणसांना त्या पांढऱ्यात काय काय दिसायला लागलं. कोणाला ढग, कोणाला वाहून गेलेली गादी. आई दाराच्या चौकटीला टेकून सरळ झोपूनच गेली.

“का लावलात हो हात?” टाचणीताईने हळूच विचारलं. ती त्याच्या शेजारच्या खोक्यावर होती.

“तुम्हीच सांगितलंत.”

“मी? कधी?”

तो कानापर्यंत लाल झाला. “झोपेत. माझ्या. कर्ण्याची गाडी असणार ती, आता कळतंय. पण आवाज तुमचा होता. तुम्ही म्हणालात, लावून ये.”

“मी तुम्हाला कधी ‘ये’ म्हटलंय?” ती म्हणाली. “मी ‘या’ म्हणते.”

“हो,” दुसराहात म्हणाला. “तिथेच मला कळायला हवं होतं.”

“मग कळलं कसं नाही?”

“ऐकून इतकं बरं वाटलं,” तो चपलांकडे बघत म्हणाला, “की खात्री करून घ्यावीशी वाटली नाही.”

ती वाकून जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायला लागली. तोही वाकला. एका टाचणीपाशी दोघांची डोकी आपटली, आणि डोकं चोळत त्याने वर पाहिलं तर खिडकीच्या कोपऱ्याला काहीतरी पिवळसर होतं.

आधी वाटलं ऊन असेल. पण ऊन सरकलं आणि ते राहिलं. कापडावर चहा सांडावा तसा एक डाग फुगला, त्याच्या शेजारी दुसरा, मग दोन्ही एकमेकांना भेटले. हळूहळू, खिडकीच्या वरून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक तपकिरी रेघ पांढऱ्यातून वर आली. पाण्याखालून कोणी वर यावं तशी. रेघेच्या खालची भिंत काळवंडली, वरची कोरडी राहिली. चुन्याचे दोन हात, नीळ, ती उशी, सगळ्यांना नदीने शांतपणे बाजूला सारलं आणि आपली सही पुन्हा केली.

“आली!” किराणावाला ओरडला. “ओल आली!” गल्लीत टाळ्या पडल्या. ओल आली म्हणून टाळ्या त्या गल्लीनेच वाजवाव्यात. आई दचकून जागी झाली आणि म्हणाली, “कोण आलं? चहा ठेवा.”

पाहणीच्या बाई परत आल्या तेव्हा दुसराहात रेघेशेजारी असा उभा होता, जणू ती त्याचीच मुलगी आहे. त्यांनी टेप लावली, बोटाने भिंत दाबून पाहिली, बोटाला लागलेला ओला चुना रुमालाला पुसला.

“रंगारी कोण आहे याचा?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“इतकं वाईट काम मी आजवर पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “आभारी आहे.” आणि लिहायला लागल्या.

“मग,” किराणावाल्याने डोळा मारला, “ब्रश कधी टाकतोस नदीत?”

यंत्र आलं, जमीन झाली. भावाला फोन गेला की येत नाही, सणावाराला भेटायला येऊ. भिंत मात्र तशीच होती, आणि दुसराहात तिकडे फिरकला नाही. लाज वाटत असावी. शर्टाची तीन बटणं गेली तरी आला नाही. भिंत आतपर्यंत सुकल्याचं वाऱ्यातला ओलसर वास गेल्यावरून त्याला कळलं तेव्हा एका सकाळी तो बादली घेऊन तिच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आत नाही, बाहेर नाही, पाण्यासारखा थबकलेला.

टाचणीताई नव्या यंत्रावर वाकलेली होती. ओठांत टाचण्या.

“भिंतीला,” तो म्हणाला, “हात...”

“नीट सांग गं बाई त्याला,” आई कोपऱ्यातून म्हणाली. “मागच्या वेळी काय झालं, माहितीये ना.”

टाचणीताईने यंत्र थांबवलं. एकेक टाचणी ओठांतून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली. शेवटची खोचून झाल्यावर तिने रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या उघड्या पडलेल्या शर्टाकडे.

“लावून,” ती म्हणाली, आणि मधे बरोब्बर तेवढी जागा सोडली, जेवढी किराणावाल्याने हवेत दाखवली होती. “ये.”

दुसराहात बादली घेऊन आत गेला, शिडी लावली, दोन पायऱ्या चढला. त्याला कळलं नव्हतं. कळलं ते आईला, ज्या कानाने ती ऐकायची नाही त्याच कानाने.

“अरे वेड्या,” ती कोपऱ्यातून ओरडली, “ये म्हणाली की रे!”